माझी वेगळी चूल

मी आयुष्यात एकदाच घर सोडलं, आणि तेही बेकायदेशीर. सकाळच्या गाडीने गेलो, दिवेलागणीच्या आत पकडला गेलो, आणि मधल्या वेळात एक पातेलं कायमचं निकामी केलं.

तेव्हा आम्ही ठाण्याला मासुंद्याच्या तळ्याजवळ राहत होतो. आम्ही म्हणजे अप्पा, आई, धाकटी बहीण ठकी आणि मी. अप्पा ठाण्याच्या कोर्टात वकील. घरी आले की पगडी खुंटीवर जायची, वकिली मात्र अंगातच राहायची. ठकीने एकदा माझी पाटी फोडली, तर त्याची चौकशी तीन दिवस चालली, आणि पाटी मुळातच तडकलेली होती असा निकाल लागला. (ठकी अप्पांची लाडकी होती. हे मी माझ्या कैफियतीत म्हटलं होतं, पण ते दाखल करून घेतलं गेलं नाही.)

त्या वर्षी मला तारेचं वेड लागलं. माझे काका, भाऊकाका, कल्याणला वैद्यकी करायचे. सुट्टीत त्यांच्याकडे गेलो की मी आंघोळ करून जो स्टेशनावर जायचो, तो काकू जेवायला हाका मारून दमेपर्यंत तारऑफिसच्या खिडकीशी उभा. आत ते पितळी यंत्र कडकट्ट कडकट्ट करायचं आणि तारमास्तर नुसते ऐकून कागदावर लिहायचे की पुण्याला कोणाला तरी मुलगा झाला. मला हे सगळ्या जगातलं मोठं काम वाटायचं. एक दिवस मास्तरच म्हणाले, "रोज दुपारी दोन तास येणार असशील तर शिकवतो. पण रोज यायचं हं. आज आलो, उद्या नाही, असलं मला चालायचं नाही."

झालं. मी ठाण्याला परत आलो तो ताटावर चमच्याने कडकट्ट करतच.

"अप्पा, मला तारमास्तर व्हायचंय."

अप्पा ताक पीत होते. भांडं खाली ठेवून म्हणाले, "तुला वकील व्हायचंय."

"मला नाही व्हायचं."

"मग मला तुला करायचंय. पुढचा मुद्दा?"

पुढचा मुद्दा माझ्याकडे होता. तो मी चार दिवस पाठ करून ठेवला होता. "मग मी घर सोडून कल्याणला जातो. परवाच मला सोळा पुरी झाली. मी सज्ञान आहे. तुम्ही मला अडवू शकत नाही."

दुसऱ्या कुठल्या घरात असतं तर बापाने थोबाडीत मारली असती. आमच्या अप्पांचा चेहरा उजळला! घरात इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी कायद्याचा मुद्दा काढला होता. हात न धुताच ते सरसावून बसले.

"सोळा ती शास्त्राप्रमाणे. सरकारने आता नवा कायदा केलाय. अठरा पुरी झाल्याशिवाय कोणी सज्ञान नाही."

"पण मला कोणी विचारलं नाही."

"सरकार अज्ञानांना विचारत नाही."

(कायद्याच्या भाषेत वयात न आलेल्याला अज्ञान म्हणतात. माझ्या बाबतीत सरकारने शब्द किती नेमका निवडला होता ते पुढे दिसेलच.)

"आणि भाऊकाकांकडे राहिलो तर?"

"खुशाल राहा. भाऊ आणि मी विभक्त झालेलो नाही. आमचं कुटुंब एक, म्हणून घर एक. तू कल्याणला गेलास काय किंवा माजघरातून पडवीत गेलास काय, कायद्याला दोन्ही सारखंच. ते घर सोडणं होत नाही."

म्हणजे पंचाईत बघा. घरात राहायचं नाही म्हणून मी बाहेर जाणार, आणि जाईन तिथं आमचंच घर पसरलेलं. मी अगदी रडकुंडीला येऊन विचारलं, "मग माणूस घरातून सुटतो तरी कसा?"

इथे अप्पांची चूक झाली. स्वतःच्या विरुद्ध जाणारा प्रश्न असला तरी वकिलाला उत्तर दिल्यावाचून राहवत नाही. आईने आतून दोनदा "हात वाळले" म्हणून सुचवलं, पण ते रंगात आले होते.

"कोर्ट दोन गोष्टी बघतं. चूल वेगळी आहे का, आणि देव वेगळे आहेत का. माझ्याकडे दोघा भावांचा एक दावा होता. एकाच घरात राहायचे, मध्ये भिंतसुद्धा नव्हती. पण चुली दोन, देवघरं दोन. विभक्त ठरले! अर्थात दोघेही वयाने..."

अर्थाताच्या पुढचं मी ऐकलंच नाही. मला हवं ते मिळालं होतं. चूल आणि देव!

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी देवघरापुढे उभा होतो. कोणता देव न्यावा? गणपती मोठा, लगेच लक्षात आला असता. शाळिग्राम सोवळ्यातला, त्याची मला भीती वाटायची. बाळकृष्ण अप्पांचा आवडता. कडेला तांदळाच्या वाटीत आईची अन्नपूर्णा बसली होती. अंगठ्याएवढी, पितळेची, हातात पळी घेतलेली. मी मनाशी म्हटलं, एवढीशी तर आहे, कोणाच्या लक्षात येणार? आणि चूल मांडायची तर देवही चुलीचाच बरा. वाटी, तांदूळ, अन्नपूर्णा, सगळं उपरण्यात बांधून मी ट्रंकेत ठेवलं. वर एक पातेलं ठेवलं. देवघरात चिठ्ठी ठेवली: "मी आजपासून विभक्त झालो आहे. माझा शोध करू नये. मी कल्याणास भाऊकाकांकडे आहे."

गाडी सुटली. खाडी ओलांडली, कळव्याची मिठागरं मागे पडली, आणि मुंब्र्याजवळ बोगद्यात अंधार झाला तेव्हा मी ट्रंक पोटाशी धरून बसलो. समोरच्या म्हाताऱ्याने विचारलं, "ट्रंकेत काय आहे एवढं?" मी म्हटलं, "माझं घर." तो खिडकीशी सरकून बसला.

कल्याणला काकूने दारातच हसून स्वागत केलं. "ये रे विनू. पाय धू. भात उतरतोच आहे."

"काकू, मी तुमच्याकडे जेवणार नाही. मी विभक्त झालोय."

"अगं बाई! कोणापासून?"

"सगळ्यांपासून. तुमच्यापासूनसुद्धा."

काकूचा चेहरा एवढासा झाला. "आमच्यापासून का रे? आम्ही काय केलं तुझं?"

भाऊकाका ओसरीवर खलात काहीतरी घोटत होते. मान वर न करता म्हणाले, "होऊ दे त्याला विभक्त. परसात जागा आहे." भाऊकाका हा माणूस भूकंप झाला तरी आधी खल पुरा घोटणार.

मी परसात शेवग्याखाली तीन विटा मांडल्या. चौथ्या विटेवर तांदळाच्या वाटीत अन्नपूर्णेची स्थापना केली. आता फक्त भात करायचा होता. भात म्हणजे काय, तांदूळ आणि पाणी! आई दोन्ही वेळा करायची, तोंडाने स्तोत्र म्हणत, ठकीची वेणी घालत. त्यात शिकण्यासारखं काही असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं.

लाकडं ओली निघाली. मी फुंकलं. धूर झाला. आणखी फुंकलं. मग जो धूर झाला तो परसातून माजघरात, माजघरातून ओसरीवर, आणि ओसरीवर बसलेल्या भाऊकाकांच्या रोग्यांमध्ये शिरला. गुडघे दुखतात म्हणून आलेले तीन जण खोकल्याचं चाटण घेऊन गेले. शेजारच्या घरातून एक बाई घागर घेऊन धावत आली आणि आग कुठे आहे म्हणून विचारू लागली. मी म्हटलं, "आग लागत नाहीये हीच तर अडचण आहे." तिने तरीही खात्री म्हणून अर्धी घागर माझ्या चुलीवर ओतली.

दुसऱ्या खेपेला चूल पेटली, आणि अशी पेटली की पातेलं खालून काळं आणि आतून त्याहून काळं झालं. भाताचे तीन थर जमले. तळाला कोळसा, मध्ये खळ, वर कोरडे तांदूळ. मी हात जोडून अन्नपूर्णेला नैवेद्य दाखवला. तिच्या हातातली पळी त्या दिवशी मला उगारल्यासारखी दिसली. मग मधल्या थरातले चार घास मी गिळले, आणि उरलेलं परसात बांधलेल्या गाईपुढे ठेवलं. गाईने ते हुंगलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दावं ताणून जाता येईल तितकी लांब जाऊन उभी राहिली.

काकू स्वयंपाकघराच्या दारात आमटीची पळी हातात घेऊन उभी होती. "विनू, थोडी घेतोस?"

"नको." नको म्हणताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते मी धुराच्या नावावर घातलं.

पण दुपारी तारऑफिसात पाऊल टाकलं आणि सगळं विसरलो. मास्तरांनी मला स्टुलावर बसवलं, हातात पेन्सिल दिली आणि म्हणाले, "आज नुसतं ऐक. मी यंत्रातून येईल ते अक्षर अक्षर सांगतो, तू लिहून घे. बघ, आलीच एक. ठाण्याची आहे."

यंत्र वाजू लागलं. मास्तर अक्षरं सांगू लागले. मी माझ्या आयुष्यातली पहिली तार लिहू लागलो. पहिला शब्द पुरा झाला आणि मी हौसेने म्हटलं, "मास्तर, गंमत बघा. आमच्या घरी पण एक अन्नपूर्णा आहे."

दुसरा शब्द आला, "नाहीशी".

पेन्सिल थांबली. मास्तर म्हणाले, "थांबू नकोस." मग आलं "बायको", मग "सकाळपासून उपाशी", मग "घरात चूल नाही", मग "विनूस विचारणे". शेवटी भाऊकाकांचा पत्ता आला. तारेला बिनकामाचं खेळणं म्हणणाऱ्या माझ्या बापाने जन्मात पहिली तार केली होती, आणि ती मीच उतरवून घेत होतो.

मास्तरांनी कागद बघितला. "अक्षर बरं आहे. या पत्त्यावर कोण राहतं, माहीत आहे?"

"हो. मीच."

"वा. मग पोचवून ये."

स्टेशनापासून घरापर्यंत मी रडत धावलो. रडलो ते खरंच, त्यात धूर नव्हता. अन्नपूर्णा आईच्या माहेरची होती. लग्नात आजोबांनी आईच्या ओंजळीत दिलेली. आईचं माहेर लांब कोकणात, तिथून आलेली तिच्याजवळ ती एकच वस्तू. रोज तिला नैवेद्य दाखवल्याशिवाय आईने पाण्याचा घोट घेतलेला मी कधी पाहिला नव्हता. हे मला माहीत होतं. सोळा वर्षं रोज दिसत होतं. आणि तरी सकाळी मला वाटलं, कोणाच्या लक्षात येणार!

भाऊकाकांनी तार वाचली, घडी करून खलाखाली ठेवली आणि म्हणाले, "पुढची गाडी कधी आहे?" काकू मात्र उसळली. "वहिनी तिकडे उपाशी, आणि तू इथं माझ्या गाईला छळतोस होय रे?" मी अन्नपूर्णा उपरण्यात बांधायला परसात धावलो. ती काजळीने काळी झाली होती. मी ती पुसू लागलो तर आणखी काळी झाली, कारण माझे हात त्याहून काळे होते. तेवढ्यात दारात बैलगाडी थांबल्याचा आवाज आला.

आधी ठकी उतरली. मग आई. मग अप्पा, डोक्यावर कोर्टाची पगडी तशीच. मग गाडीवाल्याने एकेक सामान उतरवायला सुरुवात केली. मोठं तपेलं, पितळेचे डबे, परात, पोळपाट, आणि सगळ्यांत शेवटी वरवंटा. तार ठाण्याला रांगेत अडकली होती, आणि तिच्या उत्तराची वाट बघण्याइतका आईला धीर नव्हता. चिठ्ठीत पत्ता मी दिलेलाच होता.

आता, आई चारचौघांत अप्पांशी सरळ बोलायची नाही, तशी रीतच नव्हती. जे काही सांगायचं ते ठकीच्या मार्फत. आमच्या घरची खरी तार म्हणजे ठकी.

आई कोणाशी न बोलता थेट परसात आली. माझ्याकडे पाहिलं, विटांकडे पाहिलं, पातेल्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मला वाटलं आता दोन बसणार, आणि बसाव्यात असंही वाटलं. तिने माझ्या हातून अन्नपूर्णा घेतली, विहिरीवर नेऊन धुतली, पदराने पुसली, आणि परत आणून त्याच चौथ्या विटेवर ठेवली. मग पदर खोचून माझ्या चुलीपुढे बसली.

"ठके," आई म्हणाली, "त्यांना सांग, जिथं माझी अन्नपूर्णा तिथं माझी चूल. आता स्वयंपाक इथंच."

ठकी चार पावलं गेली. "अप्पा, स्वयंपाक इथंच."

"अगं पण ठाण्याला घर आहे. उद्या कोर्ट आहे. तिला म्हणावं, देवी घे आणि चल."

"आई, देवी घे आणि चल."

"सांग, इथं तिला नैवेद्य झालाय. कसला का असेना, झालाय. आता चांगला दिवस बघितल्याशिवाय हलवायची नाही. उद्या मंगळवार."

लाकडं तीच होती, चूल तीच होती. आईने एक फुंकर घातली आणि चूल पेटली. मी आजतागायत त्या फुंकरीचा विचार करतो आहे.

जेवणं परसातच झाली. काकूने आमटी आणली. आईने अन्नपूर्णेला नैवेद्य दाखवला, पाण्याचा घोट घेतला, आणि तेव्हा कुठे मी पानाला हात लावला. मी तीनदा भात मागून घेतला. हात धुतल्यावर अप्पांनी मला ओसरीवर बोलावलं. भाऊकाका खल घेऊन बसलेच होते.

"वेगळी चूल मांडलीस?"

"हो."

"त्यावर काय शिजवलंस?"

"भात."

"कोणी खाल्ला?"

"चार घास मी."

"बाकीचा? गाईने?"

भाऊकाका म्हणाले, "गाय नको म्हणाली, दादा. मी साक्षीला आहे."

"आता जेवलास ते कोणाच्या हातचं?"

"आईच्या."

"म्हणजे चूल एक, देव एक. विभक्तपणा शाबीत होत नाही. अज्ञान मुलाला घर सोडता येत नाही." मग अप्पा परसाकडे बघून हळूच म्हणाले, "घराने अज्ञान मुलाच्या मागे जाऊ नये असं मात्र कायद्यात कुठे लिहिलेलं नाही. मी शोधलं."

मंगळवार गेला. बुधवारी अमावास्या निघाली. गुरुवारी आईला शिंक आली. शुक्रवार हा तर देवीचाच वार. शनिवारी नको, रविवारी काकूला एकटं वाटेल. अप्पा रोज सकाळी पगडी घालून गाडीने ठाण्याच्या कोर्टात जायचे आणि संध्याकाळी तोंडावर कोळशाची कणी घेऊन परत यायचे. आणि मी रोज दुपारी दोन तास तारऑफिसात. कोणी मला अडवलं नाही. मीही कोणाला विचारलं नाही, न जाणो कोणाला आठवायचं.

आठव्या दिवशी काकू दाणे निवडता निवडता म्हणाली, "तुझ्या आईला काय मुहूर्त कळत नाहीत होय? कालच मला विचारत होती, विनूची अक्षरं किती झाली म्हणून."

मी परसात गेलो. आई चुलीपाशी होती. मी म्हटलं, "आई, सगळी अक्षरं झाली."

"झाली ना?" आई म्हणाली. "मग उद्याचा दिवस चांगला आहे."

आम्ही ठाण्याला परत आलो. अप्पांनी आठ दिवस गाडीने ये-जा केली होती, आणि त्यात कोणी मेलं नाही हे त्यांनी स्वतः अनुभवलं होतं. त्यामुळे त्यांनी तडजोडीचा हुकूम काढला. मी रोज गाडीने कल्याणला जावं, तार शिकावी आणि रात्रीच्या जेवणाला घरी हजर व्हावं. मी तार शिकलो, आणि पुढे ठाण्याच्याच तारऑफिसात चिकटलो. ते पातेलं आईने टाकलं नाही. तिने त्यात तुळस लावली.

अठरा पुरी झाली त्या दिवशी अप्पांनी पगडी घातली आणि मला समोर उभं केलं. "विनायक, आजपासून तू कायद्याने सज्ञान. तुला हे घर सोडून हवं तिथं जाता येईल. आता बाप असो, काका असो, कोणी अडवू शकत नाही. तुझं काय म्हणणं आहे?"

दोन वर्षं ज्याची वाट बघितली तो क्षण हा होता. आत आईची भांडी वाजायची थांबली. ठकी निरोप न्यायला दारात येऊन उभी राहिली. मी पुष्कळ विचार केला, आणि म्हणालो, "ठके, आईला विचार, आमटी कसली आहे?"